गोधडीची घडी

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा पुनर्विकास झाला, म्हणजे पुस्तकं तळघरात गेली आणि सोफे वर आले.

जुन्या वाचनकक्षात पत्र्याच्या खुर्च्या होत्या. जळगावच्या उन्हाळ्यात त्या तव्यासारख्या तापत, म्हणून जो तो घरून गोधडीची घडी आणायचा. घडी ठेवली की खुर्ची त्याची. माणूस चहाला जावो नाहीतर जेवायला, त्याची घडी कुणी उचलायची नाही. त्या खोलीत प्रेमं मोडली, डोकी फुटली, पण घडी कुणी उचलली नाही.

वृषालीची घडी तिच्या आईच्या जुन्या लुगड्याची होती. यावलला घरात खोली एक, माणसं पाच, वर टीव्ही. मुख्य परीक्षा पुढच्या महिन्यात. बांधकाम चालू होतं तोवर तिनं सायकल स्टँडच्या पत्र्याखाली वाचलं.

उद्घाटनाला सगळी पोरं घड्या घेऊन हजर. बांधकाम समितीचे भूपेंद्र सर दारात आडवे आले.

"हे आता ज्ञानदालन आहे. इथे परिषदा होणार. वाचन घरी करायचं."

"घरी जमलं असतं तर रोज एसटीत उभी राहून कशाला आले असते, सर?" वृषाली म्हणाली.

"मोबाईलवर वाचा. सगळं डिजिटल केलंय."

"मग सोफेपण मोबाईलवरच टाकायचे ना," मागून प्रशील म्हणाला.

सर ऐकत नव्हते. उद्घाटनाच्या फोटोत वाचणारी पोरं हवीत, हे त्यांना आठवलं होतं. "दहा-बाराजण आत या. वाचत असल्यासारखे उभे राहा. पाहुणे बसले की निघायचं."

पुस्तकं तळघरात कुलपात, म्हणून प्रत्येकाच्या हातात उद्घाटनाची पत्रिका दिली गेली.

वृषाली आत गेली आणि पहिल्या रांगेतल्या मखमली सोफ्यावर तिनं घडी ठेवली. मागोमाग प्रशीलनं. मग सगळ्यांनी. रांग भरली.

"चिंधा, उचल ते!" सर ओरडले.

चिंधाभाऊ इथला जुना पहारेकरी. "मी नही उचलाव, साहेब. आठला नियम शे."

इथला हा नियम सरांनाही ठाऊक होता. दोंडाईचाहून येऊन, याच खोलीत, अशाच घडीवर बसून ते प्राध्यापक झाले होते. त्यांनी वृषालीची घडी दोन बोटांत धरली आणि भिरकावली. लुगड्याचा तुकडा तेवढ्यात दारात आलेल्या पाहुण्यांच्या बुटांपाशी जाऊन पडला.



 वृषाली सरळ सोफ्यावर जाऊन बसली.

"घडी उचललीत. आता मला उचला."

एकेक करून बाकीची पोरंही बसली. पाहुणे दारातच उभे राहिले. वृषालीनं पत्रिका खाली टाकली, दप्तरातून पुस्तक काढलं आणि राहिलेलं प्रकरण उघडलं.