आठवीचा पाण्याचा तक्ता

आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी प्रकल्प दिला तो तसा साधाच, शाळेतल्या पिण्याच्या पाण्याचा. बत्तीस मुलांचे आठ गट आणि सगळ्यांना मिळून ऑनलाइन एकच तक्ता. कुणीही कुठूनही उघडावा, आपापल्या नळाची नोंद भरावी. कोणी काय लिहिलं, काय पुसलं, ते नावासकट दिसणार. पहिल्या दिवशी पोरांनी एकमेकांच्या रकान्यांत माकडांची चित्रं डकवली. बाईंनी सगळ्यांना चांगलं फैलावर घेतलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मग पाण्याचा रंग, वास, ग्लासाच्या तळाशी बसलेल्या गाळाचे फोटो असं सगळं येऊ लागलं. टिल्ली म्हणून जिला सगळे हाक मारत, त्या बुटक्या मुलीने स्वतःहून एक रकाना वाढवला, 'आज पोट कोणाचं दुखलं?' तिसऱ्या आठवड्यात बाईंनी तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचला आणि नळांप्रमाणे आकडे मोजले. मागच्या जिन्याजवळच्या नळाचं पाणी पिणारे अकरा जण आजारी पडले होते. बाकी सगळ्या नळांचे मिळून दोघं.

दुसऱ्या दिवशी हेडसरांचं बोलावणं आलं. कुणा पालकाने पाठवलेला तो तक्ता त्यांच्या कम्प्युटरवर उघडाच होता.

"बाई, सोमवारी तपासणीचे साहेब येतायत, आणि तुमची पोरं शाळेची लक्तरं वेशीवर टांगतायत? आत्ताच्या आत्ता काढून टाका हे."

"सर, तो माझा एकटीचा नाही. बत्तीस जणांनी लिहिलाय."

"पण पुसायचं तुमच्या हातात आहे ना?"

"आहे. पण मी पुसणार नाही."

बोलून गेल्यावर बाईंचं त्यांनाच नवल वाटलं. बावीस वर्षांच्या नोकरीत हेडसरांपुढे त्यांच्या तोंडून 'बरं सर'च्या पुढे काही निघालं नव्हतं. त्या पुढे म्हणाल्या, "नोंद खोटी वाटत असेल तर तुम्हीच लिहा ना. शेऱ्यासाठी रकाना आहे. फक्त नाव दिसेल."

हेडसरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन बोटांनी टकटक करत त्यांनी लिहिलं, 'टाकी नियमित साफ होते. अफवा पसरवू नयेत.'

आठवीचा तास नेमका तेव्हा कम्प्युटरच्या खोलीत चालू होता. मिनिटभरात खालच्या ओळीत अक्षरं उमटली, 'सर, शेवटची कधी साफ झाली? तारीख सांगा, भरून घेतो.' त्याखाली टिल्ली, 'फोटो असेल तर उत्तम.' त्याखाली आणखी कुणी, 'आम्ही गच्चीवर जाऊन टाकी बघू का?'

हेडसरांनी शिपाईमामांना हाक मारली. "मामा, सांगा यांना, टाकी कधी धुतली?"

मामांनी आधी हेडसरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "खरं सांगू का सर, मागच्या टाकीचं झाकण फुटून दोन वर्षं झाली. मी तीनदा कानावर घातलं होतं तुमच्या."

तिघंही गच्चीवर गेले. टाकीत बोटभर जाडीचं शेवाळ होतं आणि त्यात अडकलेली कबुतराची पिसं. मामांनी खाली येऊन तो नळ बंद करून टाकला, कुणाला न विचारता.

शनिवारी टाकी उपसली गेली, नवं झाकण बसलं. सोमवारी साहेब येऊन, चहा घेऊन, खूश होऊन गेले. आणि मंगळवारी बाईंच्या हातात मेमो पडला. आज्ञाभंगाबद्दल आठवीचा वर्ग काढून घेऊन पाचवीचा दिला होता, आणि लेखी माफी मागायला सांगितलं होतं.

"दोन ओळी खरड आणि मोकळी हो गं," भाषेच्या बाई शिक्षकांच्या खोलीत कुजबुजल्या. "कशाला त्यांच्या वाकड्यात शिरतेस?"

बाईंनी दोन ओळी लिहिल्या. 'मी चुकले असं मला वाटत नाही. माफी मागणार नाही.' खाली पूर्ण सही केली, तारीख घातली, स्वतःसाठी एक झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ कागद हेडसरांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवून त्या पाचवीच्या तासाला निघून गेल्या.