फेट्याची गाठ

अल्ताफने माउस सरकवला आणि डब्यासारख्या मॉनिटरवरचा फेटा नव्याने रंगवला. भगवा अजून उजळ पाहिजे, असं खुशालबुवांनी नुकतंच सांगितलं होतं. राजुऱ्याच्या सप्ताहातल्या त्यांच्या कीर्तनाचं पोस्टर दुपारीच छापायला जायचं होतं. त्यावर बुवांचा फोटो होता आणि बाजूला तुळस.

एरवी रंगांचं काम त्याची बहीण शाजिया बघे. जटपुरा गेटजवळच्या त्यांच्या पोस्टर-पत्रिकांच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या. तो मजकूर जुळवायचा, ती शेजारून हळूच म्हणायची, "भाईजान, ये हरा है." आज ती परीक्षेला गेली होती. अल्ताफला भगवा आणि पोपटी एकसारखेच दिसतात, हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं, तर त्याच्याकडे लग्नपत्रिका करायला कोण आलं असतं?

"आता साजरा झाला!" बुवा खूश होऊन म्हणाले.

बाकावर बसलेल्या त्यांच्या पत्नी गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अजी, साजरा काय! पोपटावानी हिरवा केला त्यानं तुमचा फेटा."

अल्ताफचा हात माउसवरून खाली आला. "बाई, ते... मॉनिटर जुना झाला," तो पुटपुटला.

गिरजाबाई हसतच होत्या, पण त्याला नव्हे. उठून त्यांनी बुवांच्या डोक्यावरच्या फेट्याचं टोक ओढून दाखवलं. टोकाला काळ्या दोऱ्याची गाठ होती.

"मॉनिटरले काऊन नावं ठेवता भाऊ? आमचे बुवा पाहा. गाठ असली तं भगवा, नसली तं हिरवा. एकडाव मी माहेरी होती, तं धानोऱ्याले हिरवा बांधून कीर्तनाले उभे राह्यले! तवाच मी ही गाठ मारली."

"देवाले चालला ना?" बुवा म्हणाले. "मृदंगवाला तं असा हासला, का त्या दिवशी मृदंगही हासूनच वाजला."

अल्ताफ त्या गाठीकडे पाहत राहिला. मग त्याने खण उघडला आणि एक वही बुवांसमोर ठेवली. रंगांची नावं, पुढे मिश्रणाचे आकडे. सगळं शाजियाच्या अक्षरात.

"बुवा, ही माझी गाठ."

बुवांनी वही डोळ्यांजवळ नेली. "भगवा... मजेंटा साठ, यलो शंभर." दुसऱ्यांदा वाचताना त्यांच्या बोटांनी टेबलावर ठेका धरला, तिसऱ्यांदा आकड्यांना चाल लागली. अल्ताफने त्याच ठेक्यात आकडे टाइप केले. फेटा पालटला, पालटला असावा.

दोघांनी एकदमच गिरजाबाईंकडे मान वळवली.

"झाला का भगवा?" बुवांनी विचारलं.

गिरजाबाई शाजियाच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसल्या.

"झाला," त्या म्हणाल्या. "आता ती तुळस दाखवा."