देवांच्या जागा

बबनरावांनी देवाचा शेवटचा टाक फडक्याने कोरडा करून ताम्हणात ठेवला आणि रिकाम्या देवघराकडे पाहिलं. आता कोण कुठे बसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

देवघर म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीतला एक कोनाडा. आत अंथरलेलं लाल कापड त्यांनी सकाळी काढून नवं घातलं होतं. जुन्या कापडावर देवांच्या तळाचे गोल-चौकोनी डाग होते, त्यावरून जागा कळल्या असत्या. ते कापड आता बादलीत साबणाच्या पाण्यात होतं. त्यांनी जाऊन ते उलगडून पाहिलं. डाग निघाले होते.

काळेवाडीतल्या या घरात ते चाळीस वर्षं राहत होते आणि या चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही पूजा केली नव्हती. कंपनीत पहिली पाळी असली की ते अंधारात निघायचे, रात्रपाळी असली की आल्या आल्या झोपायचे. निवृत्तीनंतरही सवय तीच राहिली. देव त्यांच्या बायकोचे, दुर्गाबाईंचे होते. दुर्गाबाईंचं तेरावं काल झालं. सुतकात देवांना कुणी हात लावला नव्हता आणि आज लावायला बबनरावांशिवाय घरात कुणी नव्हतं.

त्यांनी औशाला मोठ्या भावाकडे, दौलतरावांकडे फोन लावला. वहिनींनी, गिरजाबाईंनी, तो घेतला. घराघराची मांडणी वेगळी असते भावजी, त्या म्हणाल्या. तुमच्या घरची दुर्गाला ठाऊक होती, नाहीतर तुमच्या सुनेला. आता ती काय सांगणार म्हणा, असं म्हणून त्यांनी जेवलात का ते विचारलं. बबनराव हं म्हणाले. जेवले नव्हते.

सून स्वरूपा मागच्याच गल्लीत राहत होती. चार वर्षांपूर्वीपर्यंत ती याच घरात होती. तिच्या धाकट्या भावाची दारू कशानेच सुटत नव्हती. गंडे झाले, औषधं झाली. मग कुणीतरी त्याला एका गाळ्यात भरणाऱ्या प्रार्थनेला नेलं आणि त्याची दारू सुटली. स्वरूपा त्या लोकांचे आभार मानायला म्हणून गेली आणि जात राहिली. वर्षभराने तिने बाप्तिस्मा घेतला आणि घरी येऊन स्वतःच सांगितलं. मुलगा निरंजन म्हणाला, तिचं ती बघेल, मी आहे तसाच आहे. दुर्गाबाई भाजी निवडत होत्या, त्या निवडत राहिल्या. बबनराव आवाज चढवणारे नव्हतेच. ते एवढंच म्हणाले, देवाला आता हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं. दोन महिन्यांनी निरंजनने मागच्या गल्लीत खोली घेतली. दोन्ही घरांमध्ये भांडण असं कधी झालं नाही.

दुर्गाबाई सवाष्ण गेल्या. हिरवं लुगडं नेसवून बायका त्यांची ओटी भरत होत्या तेव्हा स्वरूपाही तांदूळ घेऊन पुढे झाली. दौलतराव म्हणाले, ती नको. ती मागे सरली, तांदूळ सुपात परत टाकले आणि आलेल्या लोकांसाठी बाहेरच्या नळावर पाणी भरू लागली. दहाव्याला घाटावर ती बाजूला उभी होती. शेजारच्या कौशल्याबाईंनी कुणाला तरी हळूच विचारलं, रडत नाही ती, त्यांच्यात रडत नाहीत का? बबनरावांनी दोन्ही वेळा ऐकलं होतं. दोन्ही वेळा ते समोर बघत राहिले होते. ते स्वतःही रडले नव्हते, पण त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

त्यांनी ताम्हणावर फडकं झाकलं, चपला घातल्या आणि मागच्या गल्लीत गेले.

स्वरूपा डबा भरत होती. तळवड्याला एका कारखान्यात ती गाड्यांच्या वायरी जोडायच्या कामावर होती, आज दुसरी पाळी होती. निरंजन चाकणला कामावर गेला होता. सासऱ्यांना दारात बघून तिने डब्याचं झाकण तसंच हातात धरलं.

“देव धुतलेत,” बबनराव म्हणाले. “मांडायचं कसं ते कळंना.”

तिने झाकण लावलं, ओटा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

“तुला चालत नसंल तर ऱ्हाऊ दे.”

“हात नाही लावता येणार मला, मामा,” ती म्हणाली. “सांगेन.”

गल्लीतून ते पुढे आणि ती चार पावलं मागे अशी दोघं आली. कौशल्याबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी एकदा बबनरावांकडे पाहिलं, एकदा स्वरूपाकडे, आणि लसणाची सालं फुंकून उडवली.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्वरूपा थांबली. चार वर्षांत ती इथून आत गेली नव्हती. दुर्गाबाई आजारी पडल्या तेव्हाही पेजेची वाटी ती उंबऱ्यावर ठेवायची आणि दुर्गाबाई ती उचलून न्यायच्या. आताही ती चौकटीला पाठ टेकून बाहेरच बसली आणि हात मांडीवर एकात एक घालून ठेवले. बबनराव पाटावर बसले. त्यांनी फडकं काढलं.

“गणपती आधी,” ती म्हणाली. “पुढच्या ओळीत, मधोमध. त्याच्या मागे खंडोबा. नाही, तो नाही, तो भैरोबा. खंडोबा घोड्यावर आहे.”

बबनरावांनी टाक डोळ्यांजवळ नेला. घोडा झिजला होता, पण होता.

तुळजाभवानी खंडोबाच्या डावीकडे आणि भैरोबा उजवीकडे, असं ती सांगत गेली. डावीकडे म्हणजे देवाच्या डावीकडे की आपल्या, हे त्यांनी विचारलं तेव्हा तिने मांडीवरचा हात किंचित उचलून दाखवलं आणि परत खाली ठेवला. घंटा आपल्या डाव्या हाताशी, वाजवायला बरी पडते. अन्नपूर्णा वाटीत तांदळावर बसते. तांदूळ दर शुक्रवारी बदलायचे आणि जुने फेकायचे नाहीत, भातात घालायचे. भवानीला हळदीकुंकू, खंडोबाला भंडारा, तो मिठाच्या बरणीमागच्या डबीत आहे. डबी तिथेच होती. तिचा आवाज एकसारखा होता, कामावर नव्या मुलीला कुठली वायर कुठे जाते ते सांगावं तसा.

बबनरावांची बोटं जाड होती, टाक त्यांतून निसटायचे. मांडून झालं तरी ताम्हणात एक टाक उरला. सगळ्यांत बारका, नखाएवढा. त्यावर काहीच नव्हतं. त्यांनी तो उलटा करून पाहिला.

“ह्यो पार झिजलाय,” ते म्हणाले. “कोणता देव म्हणायचा?”

स्वरूपाने चौकटीला टेकलेली पाठ सरळ केली.

“झिजलेला नाही तो. कोरलंच नव्हतं त्याच्यावर काही.”

बबनरावांनी टाक उजेडाकडे धरला.

“तुमच्या मुलीचा आहे. निरंजनच्या आधीची.”

बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

ती मुलगी दुर्गाबाईंच्या माहेरी झाली होती आणि नऊ दिवसांत गेली होती. बबनराव तेव्हा कंपनीत टेम्पररी होते. रजा मागितली तर उद्यापासून येऊ नका म्हणतील, म्हणून त्यांनी ती मागितली नाही. ते गेले तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. दुर्गाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. त्या मुलीचा विषय तेव्हा निघाला नाही आणि नंतरही कधी निघाला नाही. बबनरावांना वाटलं होतं, दुर्गा विसरली.

“निरंजन पोटात असताना तुळजापूरला करून घेतला आत्यांनी,” स्वरूपा म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. “सोनार म्हणाला, गेलेल्या मोठ्या माणसाचा टाक करतात, एवढ्या लहान बाळाचा करत नसतात. आत्या म्हणाल्या, मग काही कोरू नका, नुसता द्या. माझं तिसऱ्या महिन्यात गेलं ना, तेव्हा त्यांनी मला दाखवला.”

बबनरावांनी टाक तळहातावर घेतला. तो ओला नव्हता, तरी त्यांनी तो पुन्हा पुसला.

“नाव?” त्यांनी विचारलं.

“बारसं झालं नव्हतं. त्या छबू म्हणायच्या. आंघोळ घालताना म्हणायच्या, चल छबू.”

“आन् हिला कुठं बसवायची?”

“अन्नपूर्णेच्या वाटीत. तिला टेकून.”

त्यांनी वाटीतले तांदूळ बोटाने जरा बाजूला केले आणि टाक टेकवला. तो घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. उंबऱ्यापलीकडे स्वरूपाचा हात पुढे आला आणि वाटेतच थांबला. तांदूळ थोडे वर ओढा, ती म्हणाली. त्यांनी ओढले. टाक उभा राहिला.

त्यांनी निरांजन लावलं. आरती त्यांना दोन ओळींपुढे येत नव्हती, तेवढ्याच ते पुटपुटले. स्वरूपाला ती सगळी येत होती. ती गप्प बसून होती, मान खाली, हात मांडीवर. मग तिने घड्याळ पाहिलं आणि उठली. कंपनीची बस चुकली असती.

“उद्या रविवार,” ती म्हणाली. “खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य असतो. भरतात कांदा कच्चाच घालायचा.”

“भरीत मला कुठलं येतं.”

“मी सांगितलं असतं. पण रविवारी सकाळी माझी प्रार्थना असते. दहा ते बारा.”

बबनराव पाटावरून उठले नाहीत. ते देवघराकडे तोंड करून बसले होते. वात जरा पुढे आली होती, ती त्यांनी काडीने मागे सारली.

“मग बारानंतर करू,” ते म्हणाले.