वाफेला भिणारी मिठाची खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे; पण मला गज नाहीत, कड्या नाहीत, आणि माझ्यातून डोकावून कुणी शेजाऱ्यांना हाकही मारत नाही. मी तळहाताएवढी गोल चकती आहे आणि मित्रांनो, हसू नका, मी मिठाची आहे. तुमच्या स्वयंपाकघरात असते ना, त्याच मिठाची. म्हणूनच मी जन्मभर घाबरत आले. खोलीत कुणाला शिंक आली तरी वाटते, संपले आता!

माझा जन्म भट्टीतला. वितळलेल्या मिठातून कारागिरांनी एक आरपार दिसणारा स्फटिक हळूहळू वाढवला, त्याची चकती कापली आणि घासून चकचकीत केली. "काय सुरेख झालीय!" असे कुणीतरी म्हणाले. ते कौतुक मला धड ऐकूही आले नाही, कारण म्हणणाऱ्याच्या हातात वाफाळता चहा होता.

मग मला दुर्बिणीला जोडलेल्या एका यंत्रावर बसवले. ताऱ्यांकडून उजेडाबरोबर डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरणही येतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. आम्हाला हवे असलेले किरण साधी काच अडवते, मी आत सोडते. माझ्यामागे हवा काढून टाकलेला, कडाक्याच्या थंडीतला डबा असतो. त्यात त्या किरणांचा लांबलचक पट्टा उलगडतो. बाहेरची हवा मला सतत आत ढकलते आणि मी जीव मुठीत धरून उभी राहते.

आमचा तारा म्हातारा, तांबडा आणि अवाढव्य. वर्षभरात तो एकदा फुगतो, एकदा आकसतो. त्याच्या वातावरणात पाण्याची तापलेली वाफ असते. ती ठरावीक किरण गिळते आणि पट्ट्यात तिथे काळ्या रेघा उमटतात. रेघा किंचित सरकल्या की वाफ वर चालली आहे की खाली, ते कळते. बघा माझे नशीब! ज्या पाण्याच्या नावाने मला धडकी भरते, तेच शोधायची नोकरी माझ्या वाट्याला आली.

आमच्या संशोधक बाईंनी तारा फुगल्यापासूनचे सगळे पट्टे जमवले होते. आता तो पुरता आकसल्यावरचा एकच हवा होता. तो हुकला असता तर सगळी मेहनत वाया, कारण त्यानंतर आमचे यंत्र कायमचे उतरवायचे ठरले होते.

तो पट्टा घ्यायच्या दोन दिवस आधी डब्याच्या तोंडाची झिजलेली रबरी रिंग बदलायला बाईंनी मला काढले, टेबलावर ठेवले आणि नवी रिंग आणायला शेजारच्या खोलीत गेल्या. टेबलाशी त्यांचे वडील बसले होते. लेकीकडे राहायला आलेले, जन्मभर चष्म्याचे दुकान चालवलेले. समोरच्याच्या नाकावर मळका चष्मा दिसला की त्यांना राहवत नसे.

"काय ही काच! आणि म्हणे यातून तारे बघतात," ते पुटपुटले. त्यांनी मला मायेने उचलले आणि तोंडाजवळ नेले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते. "हाऽऽ!" त्यांचा ओला श्वास माझ्यावर बसला आणि माझी कातडी विरघळू लागली. मी धुरकट झाले, म्हणून ते आणखी वाफ सोडून आणखी घासू लागले.

"बाबा, थांबा! काच नाहीये ती. मीठ आहे!"

"मीठ? खायचं?"

"हो."

बाबांचा हात जागीच थांबला. "मग मी काय करून बसलो गं, बाळा?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला कडेने धरून उजेडात पाहिले. "घासून पुन्हा साफ करता येईल. पण पातळ होईल ती. फार पातळ झाली तर हवेच्या दाबानं फुटेल."

"दुसरी नाही?"

"मागवली तर ती येईपर्यंत तारा परत फुगायला लागेल."

दोघांनी हातमोजे घातले. बाबांनी तोंडाला रुमाल बांधला. ताणलेल्या कापडावर स्पिरिट आणि बारीक पूड घेऊन ते मला घासू लागले. बाई मध्येमध्ये माझी जाडी मोजत होत्या.

"आयुष्य गेलं काचा घासण्यात, पण एवढं जपून कधी घासलं नाही," बाबा म्हणाले.

जपून म्हणे! थरामागून थर जात होता आणि मी मनातल्या मनात 'पुरे, पुरे' म्हणत होते.

मला पुन्हा डब्यावर बसवले. पंप सुरू झाला. आतली हवा जाऊ लागली तशी बाहेरची माझ्या छातीवर चढून बसली. कडेला 'टिक्' असा आवाज झाला. एक बारीक चीर! बाईंनी डोळे गच्च मिटले, बाबांनी तर पाठच फिरवली. मी कशी टिकले, मला ठाऊक नाही. धीर वगैरे काही नव्हता. नुसती भीती होती आणि तिच्यासकट मी उभी राहिले.

डबा गार झाल्यावर, ठरल्या दिवशी सकाळी दुर्बीण ताऱ्याकडे वळली. अवरक्त किरणांत असे तारे दिवसाउजेडीही सापडतात. पडद्यावर रेघा उमटल्या.

"बाबा, वाफ खाली येतेय! ताऱ्यावर परत पडतेय!" बाई लहान मुलीसारख्या ओरडल्या.

बाबांच्या तोंडावर अजून रुमाल होता. "ते छानच झालं," ते म्हणाले, "पण हिला आणखी कशाकशाची भीती आहे, ते आधी सांग मला."

बाई बोटांवर मोजत सांगू लागल्या. दमट हवा, घामट बोटं, एकदम तापणं, एकदम गार होणं. बाबा खाली मान घालून ऐकत होते.

आता ती चीर वाढली आहे. यापुढे मला दाब सोसवणार नाही, म्हणून मी कोरड्या डबीत पडून असते आणि झाकण उघडले की अजूनही दचकते. मित्रांनो, माझे कौतुक करणारे मला पुष्कळ भेटले. पण तुला भीती कशाची वाटते, हे विचारावेसे वाटलेले ते एकटेच. तुम्ही कुणाला जपायला हात पुढे कराल, तेव्हा आधी तेवढे विचारा.