बैलांचा चौकोन

भाकरी थापटण्याच्या आवाजानेच दिपालीची झोप मोडायची. मिरजगावच्या त्या दोन खोल्यांबाहेर तेव्हा अजून अंधार असे. ऊसतोड सोडून बरीच वर्षे झाली होती, पण तिच्या आईचे, लंकाबाईचे, शरीर अजून फडाच्या वेळेलाच जागे होई. ती गॅस पेटवायची, भाकऱ्या करायची, त्यांवर मिरचीचा ठेचा ठेवून त्या धुवट फडक्यात बांधायची आणि हात रिकामे झाले की दाराशी बसून उजाडण्याची वाट पाहायची. दिपालीने स्टीलचा डबा आणला होता. त्यातही भाकरी फडक्यात गुंडाळूनच जाई.

त्या दिवशी वेणी घालता घालता दिपालीने विचारले, "आये, कारखान्यात तुझं नाव कधी लिहून घेतलं हुतं का गं?"

"माझं? माझं कशाला?" लंकाबाईला प्रश्नच नीट कळला नाही. "वैजनाथचा कोयता, एवढंच लिवायचे. नवराबायको मिळून एक कोयता. तुझा बाप दुखन्यात पडला त्या साली मी एकलीच गेल्ते, तवा मुकादम म्हनला, ह्यो अर्धा कोयता."

"राग न्हाई आला तुला?"

"डोक्यावर मोळी आसल्यावर राग कुठं ठिवायचा?" लंकाबाई हसली. "जा आता, गाडी चुकंल."

दिपाली हसली नाही. एसटीच्या खिडकीशी बसल्यावरही ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

साखर कारखान्याच्या शेतकी विभागात ती संगणकावर होती. कर्जतच्या कॉलेजातून पदवी घेतल्यावर मिळालेली ही तिची पहिली नोकरी. कामगार नोंदणीची जुनी पद्धत मोडून नवी उभारायचे काम तिच्याकडे आले होते. नव्या व्यवस्थेत सगळी माहिती पडद्यावर चित्रासारखी मांडता येत असे. माहितीचा एकेक तक्ता म्हणजे एकेक चौकोन. चौकोनात रकान्यांची नावे, मुख्य रकान्याशेजारी पिवळी किल्ली. एका चौकोनातून माऊसने रेघ ओढून दुसऱ्याला टेकवली की त्यांचे नाते जुळे, आणि रेघेवर टिचकी मारली की पलीकडच्या तक्त्यात उतरता येई. शेतकऱ्याचा चौकोन, त्याच्या प्लॉटचा, उसाच्या जातीचा, वाहनाचा, वजनकाट्याचा. कोण कोणाचे आहे, हे कागदावर वाचण्यापेक्षा असे समोर दिसलेले दिपालीला आवडे. हे काम तिने जीव लावून केले होते.

आदल्या संध्याकाळी तिने एक नवा चौकोन काढला होता: महिला कामगार. तिथून एक रेघ कोयत्याच्या चौकोनाला जोडली होती.

"हे काय वाढवलंस?" शेतकी अधिकारी भागवत साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. चांगला माणूस, कोणावर आवाज चढवत नसे.

"साहेब, कोयत्यात नुसतं गड्याचंच नाव येतं. बाईची नोंदच कुठं होत नाही."

"अगं, मुकादम लोक फोनवर नावं सांगतात. आसाराम मुकादमाला शंभर कोयते लिहून द्यायचे असतात. त्याला प्रत्येकाची बायको विचारत बसलीस तर हंगाम नोंदणीतच जाईल. कोयता म्हटला की बाई आलीच ना त्यात?"

"आली, पण दिसत नाही."

"दिसून काय करायचंय? उडव तो. ऑफिसातली मंडळी आत्ताच म्हणतात, हे नवीन प्रकरण लई किचकट आहे."

ते तिथेच उभे होते. दिपालीने चौकोन निवडला. 'या तक्त्याशी जोडलेली नातीही पुसली जातील,' असा इशारा आला. तिने होकार दिला. चौकोन गेला, रेघ गेली. उरलेले चित्र पूर्वीपेक्षा नीटनेटके दिसू लागले, आणि त्याचाच तिला अधिक संताप आला.

सकाळच्या चहाच्या सुमारास गहिनीनाथ आला. पाटोद्याकडचा तोडणी मजूर, आसारामच्या टोळीतला. अंगावर उसाच्या पाचटाची कुसळे तशीच होती.

"मॅडम, दाखला पायजे. बायकोचा पाय मोडलाय. मोळी घिऊन फळीवरनं ट्रालीत चढत हुती, घसरली, आन् गाडी मागं आली. कर्जतच्या दवाखान्यात टाकलीय. डाक्टर म्हनत्यात, कारखान्याची कामगार हाय आसा दाखला आना, म्या आजच आपरेशनला घेतो. उशीर केला तर पाऊल काढावं लागंल."

"नाव?"

"गहिनीनाथ."

"तुमचं नाही हो. बाईंचं."

"छबूबाई."

दिपालीने नाव टाकून शोध घेतला. काय येणार ते तिला ठाऊक होते. पडद्यावर तीन शब्द उमटले: नोंद आढळली नाही.

भागवत साहेबांनी डोकावून पाहिले. "हे बघ बाबा, आमच्या संगणकात या नावाची कामगारच नाही. जे आहे ते छापून देतो. त्यावर दवाखान्यानं ठरवावं."

"न्हाई कशी? चार महिनं झालं तोडतीय की!"

"असेल. पण नोंद नाही."

गहिनीनाथने थोडा विचार केला. "मग माझ्या नावानं द्या, साहेब. माझं तर हाय न्हवं? पाय माझाच मोडला म्हना."

दाराशी उभा असलेला शिपाई हसला. गहिनीनाथ मात्र गंभीर होता. त्याने फोन लावून दिपालीपुढे धरला. "तुमीच बोला तिच्याशी."

पलीकडचा आवाज वेदनेने तुटत होता, तरी त्यात धार होती. "बाई, म्या न्हाई म्हनत्यात व्हय? मग सकाळधरनं बांधलेल्या मोळ्या कुनाच्या? त्यो ऊस तुमच्या काट्यावर गेला, त्याची नोंद हाय का न्हाई?"

"आहे," दिपाली म्हणाली.

"मग त्यो काय आपल्या पायानं ट्रालीत चढला?"

दिपालीने फोन गहिनीनाथला परत दिला. छापलेला कागद तिने पुढे केला. खाली 'तपासणारा' या शब्दापुढे तिचीच सही होती. गहिनीनाथने तो हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

"ह्ये नेऊन तिला काय दाखवू? तू न्हाईस म्हनून?"

तो गेला. दिपाली पडद्याकडे वळली. ती नुसतीच चित्र इकडून तिकडे सरकवत राहिली. कोयत्याच्या चौकोनावरून एक रेघ मुकादमाकडे जात होती, एक वाहनाकडे, आणि एक खालच्या कोपऱ्यात. त्या रेघेवर टिचकी मारून ती खाली उतरली. बैलांचा चौकोन. गाडीवानांच्या बैलांसाठी तो पहिल्यापासूनच होता. रंग. वय. शिंगांची ठेवण. अंगावरील खूण. डावा बैल आणि उजवा बैल, दोघांच्या नोंदी वेगळ्या.

"साहेब," ती उठून उभीच राहिली, "बैलांची शिंगंसुद्धा लिहून घेतो आपण!"

"बैलांचा विमा असतो, दिपाली."

"आणि बाईला काय असतं?"

भागवत साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आवाज खाली. मी काही हा नियम केलेला नाही. तुझं दुःख मला समजतं."

"दुःख नाही साहेब, राग आलाय मला."

ते चष्मा लावून आपल्या टेबलाकडे गेले. जेवण झाल्यावर त्यांची जीप फडांच्या फेरीला गेली.

दिपालीने डबा उघडला नाही. तिने पडद्यावरच्या मोकळ्या जागेत पुन्हा एक चौकोन ओढला. महिला कामगार. नाव, गाव, वय, मोबाईल. किल्ली लावली. रेघ कोयत्याला नेऊन टेकवली. पहिल्या वेळी तिने नावाच्या रकान्यापुढे 'रिकामे चालेल' ही खूण राहू दिली होती, कोणाची अडचण नको म्हणून. आता ती खूण तिने काढली. बाईचे नाव भरल्याशिवाय यापुढे जोडीचा एकही कोयता जतन होणार नव्हता. आसाराम कितीही घाईत असो, त्याला विचारावेच लागणार होते.

तिने 'लागू करा' दाबले. क्षणभर काहीच झाले नाही. मग कोयत्यांची यादी वरून खालपर्यंत लाल होत गेली, प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा: नोंद अपूर्ण. दिपाली त्या लाल यादीकडे पाहत राहिली. एवढ्या वर्षांत या कार्यालयातून निघालेले खरे विधान हे एवढेच असावे, असे तिला वाटले.

नवा तक्ता चालतो की नाही हे पाहायला पहिली नोंद खोट्या नावाची भरायची पद्धत होती. तिने मात्र गहिनीनाथचा कोयता उघडला आणि नावाच्या रकान्यात छबूबाई लिहिले. मग शोध घेतला. नोंद आढळली.

तिने दाखल्याच्या दोन प्रती छापल्या आणि दोन्हींवर 'तपासणारा' या शब्दापुढे सही केली. एक प्रत भागवत साहेबांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली ठेवली, नजरेस पडेल अशी. तिच्याखाली सकाळचा 'नोंद आढळली नाही' असा कागद ठेवला. दुसरी प्रत घडी करून भाकरीच्या फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि संगणक बंद केला.

फाट्यावर मिरजगावची गाडी उभीच होती. कंडक्टर ओळखीचा, त्याने दार धरून ठेवले. दिपालीने नकारार्थी मान हलवली आणि रस्ता ओलांडून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीला हात केला.