पत्र्याचा गळा

कटिंगच्या मास्तरीणबाईंचा कॉम्प्युटर त्या आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा शाळेच्या गणवेशाच्या पॅटर्नचे चार साइझ त्याच्या पोटात होते आणि एकही सेव्ह केलेला नव्हता. पडदा काळा झाला आणि सीपीयूच्या डब्यातून तापलेल्या इस्त्रीसारखा वास आला. वास आला म्हणजे धाकटा भाऊही आलाच.

हा भाऊ विमा कंपनीतून निवृत्त झालेला. जन्मभर लोकांच्या घरांना लागलेल्या आगी कागदावर वाचल्यामुळे स्वतःच्या घरातल्या इस्त्रीकडेसुद्धा तो संशयित म्हणूनच बघे. बाईंनी त्याचं नाव जोखीमराव ठेवलं होतं. तोंडावरच ठेवलं होतं. पाठीमागे बोलायची त्यांना सवय नव्हती.

"ताई, आता बास. हा डबा सोमवारी जातोय."

"कुठे जातोय? पाय फुटले का त्याला?"

"तुझ्या भाच्याकडे. त्याच्याकडे एसी आहे. तुला काम असेल तेव्हा तिथं जा, बस, कर. कोण नाही म्हणतंय?"

कोणीच नाही म्हणत नव्हतं, हीच तर गोम होती. बाईंनी एकतीस वर्षं कपड्याच्या कारखान्यात दुसऱ्याच्या टेबलावर कटिंग केलं होतं. उठायचं कधी, जेवायचं कधी, दिवा कधी मालवायचा, सगळं किल्ल्या ज्याच्या कमरेला त्याच्या मर्जीनं. पुढे कागदी पॅटर्न जाऊन कॉम्प्युटर आला, तेव्हा "तुमच्या वयाला जमायचं नाही" असं सांगून मालकांनी त्यांना हार घातला. बाईंनी हार घरी आणला, खुंटीला लावला आणि दुसऱ्या दिवशी चोपन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन पहिल्या बाकावर बसल्या. हे खिडकीजवळचं टेबल त्यांचं आयुष्यातलं पहिलं स्वतःचं टेबल. ते गेलं की पुन्हा दोन बस बदला, दुसऱ्याची बेल वाजवा आणि "बसू का रे?" विचारा.

"मला एक दिवस दे," बाई म्हणाल्या. "सोमवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. एकदा जरी बंद पडला, तर मी स्वतः टॅक्सीत घालून पोचवते."

"आणि नाही पडला तर?"

"तर या घरात पुन्हा त्याचा विषय काढायचा नाही."

जोखीमरावांनी बायकोकडे पाहिलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मला काय विचारता? वन्सं बोलल्या म्हणजे करणारच."

भाच्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरचाच इंजिनिअर. म्हणजे दुरुस्ती सोडून सगळं करणारा. "आत्या, समोर नुसती काच आहे गं, हवा आत शिरायला जागाच नाही. बाजूला बारा सेंटीमीटरचा पंखा बसवला तर थंड राहील. पण तू नको हात लावू. पत्रा कापायचाय, कापड नाही."

"पत्रा म्हणजे खळ जास्त झालेलं कापड," बाई म्हणाल्या, आणि पंखा आणायला निघाल्या.

रविवारी त्यांनी डब्याच्या डाव्या बाजूचा पत्रा सोडवला आणि बाल्कनीत नेला, म्हणजे लोखंडाचा कीस आतल्या नाजूक भागांवर पडायला नको. शेजारच्या प्लंबरकडून ड्रिल आणि पत्रा कापायची कात्री आणली. आधी कागदी पॅटर्न केला, पत्र्यावर ठेवला, खडूनं गोल आखला. मध्यभागी ड्रिलनं भोक पाडून कात्रीचं टोक घुसवलं आणि अशी सफाईनं फिरवली, की जोखीमरावही पेपर खाली ठेवून बघत राहिले. गोल चकती टपकन फरशीवर पडली. बाईंनी पंखा लावून पाहिला.

"ताई," जोखीमराव टेप घेऊन वाकले, "पंखा बाराचा. भोक साडेनऊचं."

बाईंची कानशिलं तापली. आखलेल्या रेघेच्या आत अर्धा इंच माया सोडून कापायचं, ही हाताची एकतीस वर्षांची खोड. शिलाईला कापड उरवल्याशिवाय गळा कापणारा मास्तर कारखान्यात दुपारच्या सुट्टीपर्यंतही टिकला नसता. कापड आहे की पत्रा, हे हातानं विचारलंच नव्हतं.

"पत्र्याला शिलाई घालणार होतीस का?" जोखीमराव इतके खूश झाले होते, की त्यांनी कापलेल्या कडेवरून ऐटीत बोट फिरवलं. "आई गं!"

बोटातून रक्त आलं. भावजय धावली, पट्टी बांधली आणि म्हणाली, "एवढी वर्षं लोकांचे अपघात तपासलेत ना? मग स्वतःच कशाला केलात?"

बाईंचं या दोघांकडे लक्ष नव्हतं. त्या कडेकडे बघत होत्या. रेघेवर कापलं असतं, तरी कड अशीच पात्यासारखी राहिली असती. आज बोट कापलं, उद्या आतली वायर कापली असती. उघडी कड कधी सोडायची नसते. त्यांनी कात्री उचलली आणि बोटबोटभर अंतरावर खडूच्या रेघेपर्यंत काप दिले, गोल गळ्याला देतात तसे. मग पक्कड घेऊन एकेक पाकळी आतल्या अंगाला दुमडली आणि हातोडीनं दाबून बसवली. भोक बरोबर मापाचं झालं आणि कड अशी गुळगुळीत, की लहान मुलाच्या अंगरख्याला शोभावी.

"अजून कोणाला बोट फिरवायचंय?" त्यांनी विचारलं.

कोणी फिरवलं नाही. चार कोपऱ्यांत स्क्रूची भोकं पाडली. पंखा थरथरू नये म्हणून खाली जुन्या शोल्डरपॅडचा फोम घातला, धूळ आत जाऊ नये म्हणून बाहेरून फ्रॉकच्या जाळीचं अस्तर. उरला रंग.

"काळाच दे," जोखीमराव म्हणाले. "म्हणजे उठून दिसणार नाही."

"का दिसू नये?" म्हणत बाईंनी सगळा पत्रा पोपटी रंगवला.

सोमवारी नऊच्या ठोक्याला बटण दाबलं. पंख्याची वायर भाच्यानं शेवटी फोनवर सांगितलेल्या पिनांवर बसली होती; जाळीजवळ कागदाचा कपटा धरला, तो चिकटून राहिला. हवा आत जात होती. जोखीमराव दारात खुर्ची टाकून वही घेऊन बसले. साडेनऊ: चालू. दहा: चालू. अकरा: चालू, परंतु आवाज येतो.

"आवाज तुझ्या पेनाचा येतोय," बाई आतून म्हणाल्या.

तीनच्या सुमारास खोली भट्टी झाली. सातवा साइझ चालला होता आणि पडदा गोठला. बाण हलेना. जोखीमराव उठून उभे राहिले. बाईंनी दोन्ही हात टेबलावर घट्ट ठेवले, जणू तेच कोणी उचलून नेत होतं. पंख्याचा आवाज चढला. मग बाण हळूच हलला आणि पडद्यावरची बाही आपल्या जागी जाऊन बसली.

"वन्सं," भावजय म्हणाली, "आता श्वास सोडा."

सहा वाजले. जोखीमरावांनी वहीत शेवटची ओळ लिहिली, दोनदा घड्याळ पाहिलं आणि घसा साफ केला. "ठीक आहे. आज टिकला. पण ही काही खरी परीक्षा नाही. उन्हाळा अजून यायचाय."

"येऊ दे. उन्हाळ्यात उजव्या बाजूला भोक पाडीन. नाही भागलं तर वरूनही पाडीन. हा डबा चाळणी होईल, पण इथून हलणार नाही."

"ताई, मी आपलं काळजीपोटी…"

"काळजी कर, कोण नाही म्हणतंय? आणि ती खुर्ची आत घे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येते."

जोखीमराव खुर्ची उचलून गेले. बाईंनी आठवा साइझ सेव्ह केला आणि नववा उघडला.