गॅलरीखालचा थांबा

जुन्या वस्तीचा इतिहास सांगत तो पाहुण्यांना गल्लीबोळांतून फिरवायचा. स्वतःच्या घराखाली आला की वरून, गॅलरीतून वडील टोकायचे, "अरे, ती बेकरी नव्हे, छापखाना होता. काय वाट्टेल ते ठोकून देतोस?" लोक हसायचे आणि याचं तोंड एवढंसं व्हायचं. म्हातारा खरं बोलायचा, हीच तर पंचाईत. शेवटी वैतागून त्याने ती गल्लीच वगळली. फेरीच्या वेळी गॅलरीत खुर्ची टाकून बसणं मात्र वडिलांनी सोडलं नाही.

वडील गेले, आणि आज तो पुन्हा तिथे थांबला.

"इथे बेकरी होती," तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला आणि वर पाहत राहिला.

पाहुण्यांनी विश्वासाने माना डोलावल्या.